विश्लेषण : कर्जत-खालापूरचे धबधबे दरवर्षी बंद ठेवणे पुरेसे आहे का? गावांनी चालवलेल्या स्की टेकड्या काय शिकवतात?

पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी खालापूर तालुक्यात दोन वेगळी चित्रे दिसतात. इमॅजिका मनोरंजन उद्यानात तिकीट काढून बंद दालनातल्या कृत्रिम बर्फावर घसरता येते. त्याच तालुक्यात खोपोलीजवळच्या झेनिथ आणि आडोशी धबधब्यांच्या वाटेवर मात्र बंदीचा फलक आणि पोलीस पर्यटकांना परत पाठवतात. शेजारच्या कर्जत तालुक्यात आषाणे, बेकरे, सोलनपाडा या ठिकाणी हेच घडते. माणसे बुडून मरू नयेत, हा बंदीमागचा हेतू आहे आणि त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण बंदीनंतरही आडवाटेने गर्दी होते, दुर्घटना घडतात आणि पावसाळ्यातल्या चार पैशांवर घर चालवणाऱ्या वाड्यांच्या हाती काही उरत नाही. धोकाही टळेल आणि गावाची कमाईही टिकेल, असा तिसरा मार्ग आहे का? अमेरिकेतील बर्फाळ भागात काही गावांनी स्वतः चालवलेल्या छोट्या स्की टेकड्यांनी हाच प्रश्न वेगळ्या ऋतूत सोडवला आहे.

बंदी नेमकी कशी घातली जाते?

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके महसूल विभागाच्या कर्जत उपविभागात येतात. पावसाळा तोंडावर आला की धबधबे, धरणे, तलाव यांच्या परिसरात जाण्यास मनाई करणारे आदेश निघतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आले आहे. आदेश मोडणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते.

या कलमाचे स्वरूप लक्षात घ्यायला हवे. ते तातडीच्या प्रसंगासाठी आहे. म्हणूनच असा आदेश दोन महिन्यांपेक्षा अधिक काळ लागू राहत नाही. राज्य सरकारला आवश्यक वाटले तर तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो. दंगल, साथ, अचानक उद्भवलेला धोका यांच्यासाठी हे ठीक. पण कर्जतला पाऊस दरवर्षी जूनमध्ये येतो आणि पर्यटकही दरवर्षी जूनमध्येच येतात. जे ठरलेल्या वेळी घडते, त्यासाठी कायमची व्यवस्था लागते. तातडीचा उपाय वर्षानुवर्षे वापरला गेला आणि व्यवस्था उभी करण्याचे राहून गेले, हे या प्रश्नाचे मूळ दुखणे आहे.

मग धोका वाढवून सांगितला जातो का?

अजिबात नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभे राहिलेल्या त्या कुटुंबाची चित्रफीत राज्यभर पाहिली गेली. त्यानंतर काही दिवसांतच रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ चित्रीकरण करताना एका तरुणीचा दरीत कोसळून मृत्यू झाला. ‘आम्हाला पोहता येते’ किंवा ‘पाणी गुडघाभरच आहे’ हा आत्मविश्वास सह्याद्रीच्या ओढ्यात कामाचा नसतो. तो का नसतो, हे साध्या आकडेमोडीने समजते.

पाणी अचानक का वाढते?

धबधब्याच्या वरच्या बाजूला एक चौरस किलोमीटरचा डोंगरउतार आहे असे धरू. तासाला ५० मिलिमीटर वेगाने सर पडली, तर तासाभरात त्या उतारावर ५० हजार घनमीटर पाणी पडते. पावसाळा मुरल्यावर जमीन आधीच भिजलेली असते आणि कातळात पाणी जिरत नाही. त्यामुळे यातले ६० टक्के पाणी लगेच ओढ्यात आले, असे मानले तरी दर सेकंदाला आठ घनमीटरहून अधिक पाणी खाली येते. म्हणजे १० हजार लिटरचा एक टँकर साधारण सव्वा सेकंदाला ओतल्यासारखे. उतार तीव्र आणि अंतर कमी असल्याने हे पाणी खाली पोहोचायला तास लागत नाहीत, मिनिटे पुरतात. खाली ऊन पडलेले असताना माथ्यावर सर कोसळून गेलेली असू शकते. खालच्या माणसाला त्याचा पत्ता नसतो.

दुसरा हिशेब पाण्याच्या जोराचा. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पायांवर सेकंदाला दोन मीटर वेगाचे पाणी ढोबळमानाने २५ किलो वजनाइतका दाब देते. झपझप चालणाऱ्या माणसाचा वेगही एवढाच असतो. हाच वेग सेकंदाला तीन मीटर झाला, तर दाब ६० किलोच्या घरात जातो. पायाखाली शेवाळलेला कातळ असेल, तर त्याआधीच पाय सुटतो. हातात हात घालून साखळी केली तर एकाबरोबर सगळे ओढले जाण्याचीच शक्यता जास्त.

यातून दोन गोष्टी निघतात. धोका खरा आहे, ही पहिली. दुसरी तितकीच महत्त्वाची : हा धोका रोज सारखा नसतो. तो तासागणिक बदलतो आणि त्याची पहिली खूण डोंगराच्या वरच्या अंगाला दिसते. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येणे, ओढ्याचा आवाज बदलणे या खुणा वाडीतल्या माणसाला कळतात. जिल्ह्याच्या मुख्यालयातून काढलेल्या आदेशाला त्या कळणे शक्य नाही.

हवामान खात्याचे इशारे पुरेसे नाहीत का?

भारतीय हवामान खाते पिवळा, नारंगी, लाल असे इशारे देते. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार पाऊस मानला जातो. हे इशारे प्रामुख्याने जिल्ह्यासाठी असतात. रायगडमध्ये १५ तालुके आहेत. समुद्रकाठचे उरण आणि महाबळेश्वरच्या पायथ्याचे पोलादपूर एकाच रंगात रंगवले जातात. माथेरानच्या माथ्यावर धो-धो पाऊस पडत असताना खाली नेरळला भुरभुर असते, हा स्थानिकांचा नेहमीचा अनुभव आहे. जिल्ह्याचा इशारा सावध करतो. एखाद्या ओढ्यात आता उतरावे की नाही, हे तो सांगू शकत नाही.

बंदीचा फटका कोणाला बसतो?

बंदीचा आदेश धबधबे आणि धरणांच्या परिसराला लागू होतो. रिसॉर्टचा तरणतलाव, शेतघरातली पावसाळी पार्टी, आवारात बांधलेला कृत्रिम धबधबा त्याच्या कक्षेत येत नाहीत. ज्याच्याकडे जमीन आणि भांडवल आहे, त्याचा पावसाळा सुरूच राहतो. थांबते ती वाटेवरची कमाई : भाजलेले कणीस, भजी, चहा, गाड्या लावण्यासाठी दिलेले अंगण, स्थानकापासून पायथ्यापर्यंतच्या रिक्षाच्या फेऱ्या.

या पट्ट्यात ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या महाराष्ट्रातील तीन आदिवासी जमातींपैकी एक. इतर दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळसा पाडण्याच्या कामावर बाहेर पडतात. पावसाळ्यात ती गावी असतात, पण तेव्हा भाताची लावणी सोडली तर रोजगार फारसा नसतो. घरातले धान्य संपत आलेले असते. नेमक्या याच महिन्यांत मुंबई-पुण्याहून माणसे पैसे घेऊन दारात येतात. त्या पैशांतून चार महिने थोडे सुसह्य झाले, तर भट्टीच्या मालकाकडून उचल घेण्याची गरज थोडी कमी होते. म्हणून बंदीचा प्रश्न हा फक्त पर्यटकांच्या मौजेचा प्रश्न राहत नाही.

आणखी एक बाजू आहे. वाडीला उत्पन्न नाही आणि अधिकारही नाही, तेव्हा पर्यटकांना अडवण्याचे कारणही तिच्याकडे उरत नाही. मुख्य रस्त्यावर नाकाबंदी असली की आडवाट दाखवण्याचे पैसे मिळतात. अशा वेळी लोक धबधब्याच्या त्या भागात पोहोचतात, जिथे ना दोर असतो ना माणूस. बंदीने गर्दी थोडी कमी केली, पण उरलेल्या गर्दीला अधिक धोकादायक जागी ढकलले, तर हिशेब चुकतो.

स्की टेकड्यांचा इथे काय संबंध?

भारतात बर्फावरून घसरण्याचा खेळ म्हटला की काश्मीरमधील गुलमर्ग आणि उत्तराखंडमधील औली आठवतात. या दोन्ही ठिकाणी रोपवेसारख्या मुख्य सोयी सरकारी महामंडळांनी उभ्या केल्या. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मात्र वेगळा प्रयोग दिसतो. तिथल्या रिचमंड गावात १९६१ मध्ये कॉक्रन कुटुंबाने घरामागच्या उतारावर लोकांना वर ओढून नेणारा दोर बसवला आणि गावातल्या मुलांना स्की शिकवायला सुरुवात केली. या कुटुंबातील बार्बरा अ‍ॅन कॉक्रन हिने १९७२ च्या सापोरो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. तिच्या मुलाने २०२२ मध्ये बीजिंगला रौप्य मिळवले. ती टेकडी १९९८ पासून ना-नफा संस्था म्हणून चालते. त्याच राज्यातील ‘मॅड रिव्हर ग्लेन’ ही टेकडी १९९५ मध्ये तिथे येणाऱ्या लोकांनीच सहकारी संस्था काढून विकत घेतली. महाराष्ट्रातील साखर कारखाना किंवा दूध संघाच्या सभासदाला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

या टेकड्यांची आणि कर्जत-खालापूरच्या वाड्यांची अडचण सारखी आहे. हंगाम तीन-चार महिन्यांचा. तो आभाळावर अवलंबून. ‘मॅड रिव्हर ग्लेन’ आजही मुख्यतः नैसर्गिक बर्फावरच चालते. गर्दी फक्त सुट्टीच्या दिवशी. शहर दोन-तीन तासांवर. खेळ धोक्याचा. आणि शेजारी मोठे भांडवल असलेली रिसॉर्ट्स. अमेरिकेच्या ईशान्य भागात अशा शेकडो छोट्या टेकड्या काळाच्या ओघात बंद पडल्या. ज्या टिकल्या, त्यांपैकी काही गावाने हातात घेतल्या म्हणून टिकल्या.

त्यांनी धोका कसा हाताळला?

चार गोष्टींनी. पहिली, उतारांची प्रतवारी. नवशिक्यासाठी हिरवे वर्तुळ, मध्यम तयारीच्या माणसासाठी निळा चौकोन, कसलेल्यांसाठी काळा चौकट. ही खूण वाटेच्या तोंडाशीच लावलेली असते. दुसरी, रोजचा निर्णय. सकाळी गस्तीपथक उतार पाहून येते आणि कोणती वाट उघडायची, कोणती दोर लावून बंद ठेवायची हे ठरवते. पूर्ण हंगाम बंद किंवा पूर्ण हंगाम मोकळा, असा प्रकार नसतो.

तिसरी, स्थानिक स्वयंसेवक. अमेरिकेत ‘नॅशनल स्की पट्रोल’ ही संघटना १९३८ मध्ये उभी राहिली. प्रथमोपचार आणि सुटकेचे प्रशिक्षण घेतलेले हजारो स्वयंसेवक आजही उतारांवर गस्त घालतात. चौथी गोष्ट पैशांची. हंगामी पास बर्फ पडण्याआधीच विकले जातात. पैसे आधी हातात आलेले असल्याने वाईट हवामानात टेकडी एक दिवस बंद ठेवली, तर त्या दिवशीची चूल विझत नाही. बंद करण्याचा निर्णय घेणाऱ्याच्या पोटावर त्या निर्णयाचा फटका बसता कामा नये, हे तत्त्व या सगळ्यात सर्वांत मोलाचे आहे.

अर्थात सगळे सुरळीत झाले असे नाही. व्हरमाँटमध्येच १९७०च्या दशकात एका जखमी स्कीपटूला न्यायालयाने १५ लाख डॉलरची भरपाई दिली आणि टेकड्यांच्या विम्याचे हप्ते आवाक्याबाहेर जाऊ लागले. शेवटी १९७८ मध्ये राज्याने कायदा करून खेळात उघडपणे असलेला, टाळता न येणारा धोका खेळणाऱ्याने स्वीकारलेला मानला. कोणती जबाबदारी येणाऱ्याची आणि कोणती चालवणाऱ्याची, याची रेषा कायद्याने आखली नाही, तर गावे असे काम हाती घेणार नाहीत. आपल्याकडे अपघात झाला की सर्वात आधी गुन्हा कोणावर दाखल होईल, ही भीती वाडीत आजही आहे.

महाराष्ट्रात असे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते साताऱ्याजवळच आहे. कास पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि फुलांच्या हंगामात तिथे गाड्यांची रीघ लागली. फुले तुडवली जाऊ लागली. तेव्हा पठार सरसकट बंद झाले नाही. वन विभाग आणि आसपासच्या कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी प्रवेशशुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा असा मार्ग काढला. गाड्या लावण्यापासून पठारावर लक्ष ठेवण्यापर्यंतची कामे गावातल्या लोकांना मिळाली. कासचा हंगाम कर्जतच्या धबधब्यांपेक्षाही छोटा आहे. तिथे व्यवस्था उभी राहते, तर इथे का राहू नये?

खुद्द कर्जत तालुक्यात माथेरान आहे. तिथली गिरिस्थान नगर परिषद दस्तुरी नाक्यावर प्रत्येक पर्यटकाकडून प्रवेशकर घेते आणि मोटारी तिथेच थांबतात. मर्यादा घालणे आणि शुल्क घेणे या तालुक्याला नवे नाही. फरक इतकाच की डोंगराच्या माथ्यावर नगर परिषद आहे आणि पायथ्याच्या वाडीकडे अधिकार नाही.

सुटकेच्या कामातही स्थानिक कौशल्य कमी नाही. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’ यांसारख्या संस्थांचे कार्यकर्ते दरीतून माणसे आणि मृतदेह वर काढण्याचे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्यांना बोलावले जाते ते दुर्घटना घडल्यावर. दुर्घटनेआधी त्यांच्याकडून वाड्यांतील तरुणांना प्रशिक्षण मिळाले, तर तेच ज्ञान दोन तास आधी उपयोगी पडेल.

कायद्याने हे शक्य आहे का?

बरेचसे धबधबे वनजमिनीवर आहेत. तिथे कासप्रमाणे संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा मार्ग सर्वांत सरळ आहे. वनहक्क कायदा २००६ सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला देतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने हा हक्क मिळवून पुढे बांबूची विक्री स्वतः केली, हे राज्याला ठाऊक आहे. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसल्याने ‘पेसा’ कायद्याचे बळ इथल्या आदिवासी वाड्यांना मिळत नाही. वनहक्क कायद्याला मात्र ती अट नाही. धरण किंवा बंधाऱ्याची जागा असेल तिथे संबंधित खात्याशी करार लागेल. साहसी पर्यटनासाठी राज्याचे धोरण २०२१ पासून लागू आहे आणि त्यात नोंदणी व सुरक्षेचे निकष आहेत. ते निकष कंपनी किंवा क्लबला डोळ्यांसमोर ठेवून भरण्याजोगे आहेत. ग्रामसभेला किंवा बचत गटाला पेलेल असा सोपा नोंदणीप्रकार त्यात जोडणे सरकारच्या हातात आहे.

पैशांचे गणित जमेल का?

एक ढोबळ उदाहरण घेऊ. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत साधारण ३० शनिवार-रविवार येतात. त्यातले १० दिवस धोक्यामुळे बंद ठेवावे लागले, असे धरू. उरलेल्या २० दिवसांत रोज ३०० जणांना प्रत्येकी ५० रुपये घेऊन सोडले, तर तीन लाख रुपये जमतात. वाडीतील १० प्रशिक्षित रक्षकांना दिवसाला ६०० रुपये द्यायचे. ते २० दिवसांचे न देता पूर्ण ३० दिवसांचे द्यायचे. त्याला एक लाख ८० हजार लागतील. उरलेल्या एक लाख २० हजारांत दोर, शिट्ट्या, जीवरक्षक जाकिटे, कचरा उचलणे आणि विमा बसवावा लागेल. आकडे जागेप्रमाणे बदलतील. तत्त्व मात्र बदलता कामा नये : बंद दिवसाचीही मजुरी मिळाली पाहिजे. नाहीतर ३०० माणसे फाटकाशी उभी असताना आणि ओढा गढूळ होत असताना ‘अजून अर्धा तास चालू दे’ असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल.

वरच्या वाडीत एक पर्जन्यमापक आणि तिथून खाली फोन करणारा एक माणूस हवा. दर १५ मिनिटांनी पावसाची नोंद घ्यायची आणि ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की खाली लाल झेंडा. महसूल मंडळ पातळीवरील स्वयंचलित हवामान केंद्रांची माहिती त्याच्या जोडीला घेता येईल. फाटकावर दारूच्या बाटल्या जमा करायच्या, मुलांची संख्या लिहून घ्यायची, पाण्यात उतरण्याची जागा दोराने आखायची. यातले काहीही महागडे नाही.

यावर आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप गर्दीच्या स्वभावाचा. मद्यधुंद टोळक्याला वाडीतला तरुण कसा आवरणार? तो एकटा आवरू शकणार नाही. त्यासाठी गर्दीच्या दिवशी पोलीस लागतीलच. फक्त ते सगळा रस्ता अडवण्याऐवजी फाटकामागे उभे राहतील.

दुसरा आक्षेप शेतीचा. जुलैत लावणी ऐन भरात असते. तेव्हा खाचर सोडून फाटकावर कोण उभे राहणार? हा खरा प्रश्न आहे. लावणीच्या पंधरवड्यात फाटक फक्त रविवारी उघडणे किंवा भूमिहीन कुटुंबांना आधी काम देणे, हे निर्णय ग्रामसभाच घेऊ शकते. वेळापत्रक बाहेरून लादले, तर ते मोडेल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. समिती कागदावर गावाची राहील आणि फाटक एखाद्या पुढाऱ्याच्या नातेवाइकाच्या ठेक्यात जाईल. राज्यातील सहकाराने हे अनेकदा पाहिले आहे. म्हणून रोजची तिकीटविक्री आणि खर्च फाटकावरच्या फळ्यावर लिहिणे, ठेका देण्यास मनाई आणि हंगामाअखेर ग्रामसभेत हिशेब, या अटी पहिल्या दिवसापासून हव्यात.

चौथा आक्षेप पर्यावरणाचा. माथेरान आणि परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. कर्जत-खालापूरचा काही भाग त्यात येतो. तिथे नवी बांधकामे, पक्के रस्ते, काँक्रीटच्या पायऱ्या यांना ही योजना निमित्त ठरता कामा नये. बांबूचे फाटक आणि दोर यापलीकडे काही बांधायचे नाही, ही अट सोपीही आहे आणि स्वस्तही.

आता घाई का करायची?

पनवेल-कर्जत हा नवा उपनगरी रेल्वेमार्ग या पट्ट्यातून जातो. त्यावर चिखले, मोहापे आणि चौक ही स्थानके आहेत. नवी मुंबईचा प्रवासी थेट डोंगराच्या पायथ्याशी उतरू लागला की आजची गर्दी किरकोळ वाटेल. तेव्हा नाकाबंदीसाठी पोलीस पुरणार नाहीत.

चौक हे नाव घेतले की इर्शाळगडाच्या उतारावरची वाडी आठवल्याशिवाय राहत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत वाहन जाणारा रस्ता नव्हता. मदत करणाऱ्यांना भर पावसात चिखलातून चढून जावे लागले. गडावर जाणारे ट्रेकर वर्षानुवर्षे याच वाडीतून जात, तिथे पाणी पीत, जेवत. डोंगर पाहायला येणाऱ्यांची वाट वाडीपर्यंत पोहोचली होती. डोंगराकडे लक्ष ठेवणारी व्यवस्था पोहोचली नव्हती. दरड आणि ओढ्याचा पूर हे वेगळे धोके आहेत. पण पर्जन्यमापक, प्रशिक्षित तरुण, खालपर्यंत लगेच निरोप पोहोचवणारी साखळी आणि ‘आता इथून निघा’ असे सांगण्याचा अधिकार, एवढी तयारी दोन्हींसाठी लागते. पर्यटकांच्या तिकिटातून ती उभी राहिली, तर तिचा पहिला लाभ वाडीलाच होईल.

पुढे काय करता येईल?

सगळे धबधबे एकदम उघडा, अशी मागणी कोणी करू नये. काही जागा इतक्या अवघड आहेत की त्या कायम बंदच असाव्यात. कर्जतमध्ये एक आणि खालापुरात एक, असे दोन धबधबे निवडून एका हंगामापुरता प्रयोग करता येईल. उपविभागीय अधिकारी, वन विभाग, पोलीस, ग्रामसभा आणि बचाव पथक यांनी मे महिन्यातच एकत्र बसून नियम ठरवावेत. बंदीचा आदेश राहू द्यावा. त्यात एवढीच भर घालावी की प्रशिक्षित ग्रामसमितीने हिरवा झेंडा लावलेल्या वेळेत, तिकीट घेतलेल्या मर्यादित लोकांना त्या दोन जागी जाता येईल. लाल झेंड्याचा अधिकार समितीकडे असेल आणि तो लागल्यावर फेरविचाराची विनंती कोणीही, अगदी आमदाराच्या पाहुण्यांनीही, करायची नाही.

हंगाम संपल्यावर दोन आकडे तपासावेत. किती माणसे दगावली आणि वाडीतल्या किती घरांत पैसे आले. पहिला शून्य आणि दुसरा त्याहून बराच मोठा असेल, तर पुढच्या वर्षी तिसरा धबधबा घ्यावा. तसे झाले नाही, तर दोर गुंडाळून ठेवायला एक दिवस पुरेल.